तीन ते सहा : नोंदवहीतून निसटणारी वर्षे

बाळाच्या पहिल्या वर्षातील टप्पे घरातील प्रत्येकाला पाठ असतात. ते केव्हा पालथे पडले, केव्हा रांगू लागले, पहिला दात कोणत्या महिन्यात आला, पहिले पाऊल नाताळच्या आधी टाकले की नंतर, हे सारे आजी तारीखवार सांगू शकते. घरातील छायाचित्रेही त्याच वर्षाची सर्वाधिक असतात. मूल तीन वर्षांचे झाले की मात्र ही नोंदवही हळूहळू मिटते. त्यानंतर नातलग व शेजारी एवढेच विचारतात, "शाळेत घातले का?" आणि पुढच्या जूनमध्ये, "लिहायला लागले का?"

तिसऱ्या वाढदिवसापासून पहिलीच्या वर्गापर्यंतची ही तीन वर्षे घरातच घडतात. जेवणाच्या ताटावर, अंगणात, रात्री अंथरुणावर, संध्याकाळी क्रुसासमोर प्रार्थनेला बसताना. या वयातील बहुतेक प्रगतीला घाई मानवत नाही, आणि काही थोड्या गोष्टींना उशीर मानवत नाही. आपल्या घरांतून नेमकी याची अदलाबदल होताना दिसते. अक्षरे गिरवण्याची आपल्याला घाई असते, आणि मूल नीट बोलत नसेल तर "त्याचा बापही उशिराच बोलला होता" असे म्हणून आपण वर्षभर थांबतो. प्रस्तुत लेखात या वयातील वाढीचा विचार याच दृष्टीने केला आहे.

ताटावरचे भांडण

"आमचे मूल काहीच खात नाही" ही या वयाच्या पालकांची पहिली तक्रार असते. तिचे कारण बहुधा साधे असते. पहिल्या वर्षात बाळाचे वजन जन्मवेळेच्या सुमारे तिप्पट होते. दोन वर्षांनंतर हाच वेग मंदावतो आणि मूल वर्षाला सुमारे दोन किलो वजन व सहा-सात सेंटीमीटर उंची एवढेच वाढते. वाढ मंदावली की भूकही मंदावते. मूल एका जेवणाला चार घास खाते आणि दुसऱ्या जेवणाला आईच्या ताटातही हात घालते. आठवडाभराचा हिशेब मांडला तर ते पुरेसे जेवलेले असते.

आपण मात्र वाटी घेऊन त्याच्या मागे ओटीवरून अंगणात आणि अंगणातून ओटीवर फिरतो. शेवटी मोबाईल समोर धरून घास भरवतो. अशा मुलाला पोट भरल्याची जाणीव ओळखण्याची संधीच मिळत नाही. काय शिजवायचे व केव्हा वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे, आणि किती खायचे ते मुलावर सोपवावे, हा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आचरणात आणणे आजीला फार जड जाते. तरीही तो योग्य आहे. दूध हे पूर्ण अन्न समजून दिवसभर बाटली देणेही टाळावे. दिवसाला अर्ध्या लिटरहून अधिक दूध पिणाऱ्या मुलाच्या पोटात भाकरीला, भाजीला व मासळीला जागा उरत नाही, आणि दुधात लोह अत्यल्प असल्याने रक्तक्षय होण्याची शक्यता वाढते. अख्खे शेंगदाणे, चणे व द्राक्षे मात्र लहानग्यांना देऊ नयेत. ती श्वासनलिकेत अडकतात. धावताना व हसताना तोंडात घास नसावा, एवढा नियम घरात सर्वांनीच पाळावा.

वाणीचा विकास

या तीन वर्षांत सर्वांत विलक्षण प्रगती होते ती बोलण्याची. तीन वर्षांच्या मुलाचे बोलणे बहुतेक वेळा बाहेरच्या माणसालाही कळू लागते. ते स्वतःचे नाव सांगते, आणि आपण काही विचारले तर उत्तर देऊन उलट काही विचारते. चार वर्षांचे मूल चार किंवा अधिक शब्दांची वाक्ये बोलते व दिवसभरात घडलेली एखादी गोष्ट घरी येऊन सांगते. पाच वर्षांचे मूल निदान दोन घटना असलेली गोष्ट रचते, दहापर्यंत मोजते, साध्या खेळाचे नियम पाळते आणि आपली पाळी येईपर्यंत थांबते. असे टप्पे वाचताना एक खुलासा ध्यानात ठेवावा. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने २०२२ साली आपली यादी नव्याने मांडली, तेव्हा प्रत्येक वयापुढे शंभरातील पंचाहत्तर किंवा अधिक मुलांना जमणाऱ्या गोष्टीच ठेवल्या. म्हणजे ही सरासरी नव्हे. यादीतील गोष्ट त्या वयात जमत नसेल तर घाबरण्याचे कारण नाही, परंतु विचारपूस करण्याचे कारण निश्चित आहे.

बोलणे कशाने वाढते? संभाषणाने. दूरदर्शन संचावरील बालगीते दिवसभर ऐकल्याने मूल गाणी पाठ म्हणते. पण त्याच्या प्रश्नाला तो संच उत्तर देत नाही. मूल बोलले, मोठ्या माणसाने त्याचाच धागा पकडून उत्तर दिले, मूल पुन्हा बोलले, या देवाणघेवाणीत भाषा घडते. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. भाजी निवडताना, मासळी साफ करताना, केळीच्या वाडीत पाणी सोडताना मूल जवळ असले तर ते विचारतेच, "हे काय? असे का? मग पाणी कुठे गेले?" चौथ्या वर्षी या "का"ला अंत नसतो. प्रत्येक वेळी शास्त्रीय उत्तर देण्याची गरज नाही. "तुला काय वाटते?" असे विचारले तरी पुष्कळदा मूल आपले उत्तर तयार ठेवून बसलेले आढळते, आणि ते आपल्या उत्तराहून अधिक मनोरंजक असते.

या वयात काही मुले बोलताना अडखळतात. "मी मी मी गेलो" असे होते. विचार जलद धावतात आणि शब्द मागे पडतात. बहुतेक मुलांची ही अडखळ आपोआप जाते. "नीट बोल, सावकाश बोल" असे टोकण्याने ती वाढू शकते. मुलाचे वाक्य पूर्ण होईपर्यंत शांतपणे ऐकावे. अडखळ सहा महिन्यांहून अधिक टिकली, बोलताना चेहरा ताणला जाऊ लागला किंवा घरात कोणाला तोतरेपणा असेल, तर वाचा-उपचारतज्ज्ञांना भेटावे.

आता थोडे अवघड वाटेल असे. आपल्या अनेक घरांत मूल तीन वर्षांचे झाले, की घराची भाषा बदलते. आजी-आजोबा आपापसांत सामवेदी किंवा वाडवळी बोलतात, आई-वडील मराठी बोलतात, आणि मुलाशी सारेजण इंग्रजी बोलू लागतात, कारण त्याला इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जायचे असते. हेतू चांगला असतो. परंतु ज्या इंग्रजीत आपण स्वतः मोकळेपणाने हसत-रडत नाही, त्या इंग्रजीत मुलाच्या वाट्याला बहुधा आज्ञाच येतात : 'कम', 'सिट', 'ईट फास्ट', 'डोन्ट टच'. आजोबांना विहिरीवरच्या रहाटाची गोष्ट सांगायची असते आणि नातवाला ती कळत नाही. मग दोघेही एकमेकांकडे पाहून हसतात आणि गोष्ट राहून जाते. दोन भाषा ऐकल्याने मुलाचा गोंधळ होतो व बोलणे लांबते, ही समजूत खरी नाही. दोन भाषांत वाढणारी मुले काही काळ शब्दांची सरमिसळ करतात, पण त्यामुळे त्यांचे बोलणे मागे पडत नाही. घरातील भाषा पक्की असलेल्या मुलाला शाळेतील भाषा शिकणे सोपे जाते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे निदान पाचवीपर्यंतचे शिक्षण घरच्या भाषेत व्हावे, असे म्हटले आहे. शाळेचे माध्यम कोणते निवडावे हा प्रत्येक कुटुंबाचा निर्णय आहे. घराचे माध्यम मात्र बदलू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पेन्सिलीआधीचा हात

तीन वर्षांच्या मुलाला वर्तुळ काढून दाखवले तर ते वर्तुळ काढते. चार वर्षांचे मूल खडू मुठीत न धरता बोटे व अंगठा यांत धरते, आणि डोके, हात, पाय असे तीन-चार अवयव असलेला माणूस काढते. हाताला प्रथम खांदा वळतो, मग कोपर, मग मनगट आणि सर्वांत शेवटी बोटांची टोके. मनगटात आठ छोटी हाडे असतात. जन्मवेळी ती कूर्चेची असतात, आणि ती सर्व क्ष-किरण चित्रात दिसू लागण्यास वयाची नऊ ते बारा वर्षे उजाडतात. अशा हाताला साडेतीन वर्षांच्या वयात चार ओळींच्या वहीत पानभर 'ए' गिरवायला लावणे म्हणजे शिक्षाच होय. मूल कंटाळते, पेन्सिल दाबून धरते, आणि लिहिण्याविषयी त्याच्या मनात बसलेली अढी पहिलीतही जात नाही. वर उल्लेखिलेल्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ ही वर्षे एकच पायाभूत स्तर मानली आहेत आणि पहिलीत प्रवेशासाठी सहा वर्षे पूर्ण असावीत असे ठरवले आहे. या स्तरावर खेळातून शिक्षण व्हावे हा त्याचा गाभा आहे.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. मुलांच्या हाती लेखणी देण्यापूर्वी त्यांनी पाणी ओतणे, बटणे लावणे, टेबल पुसणे अशी कामे दिली. हात तयार झाला की अक्षर आपोआप उमटते, हा त्यांचा अनुभव होता. १९३९ साली त्या भारतात आल्या आणि महायुद्धाची वर्षे त्यांनी येथेच काढली. त्यांचे विचार आपल्या मातीत रुजवण्याचे श्रेय ज्यांना जाते त्यांत ताराबाई मोडक यांचे नाव अग्रभागी आहे. गुजरातेत भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासह काम केल्यानंतर त्यांनी १९४५ साली बोर्डी येथे, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात, ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेथेच त्यांच्या सहकारी झाल्या, आणि पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पाड्यांत विस्तारले. महागडी साधने आणणे शक्य नव्हते. शंख-शिंपले, खडे, बिया, पाने, काड्या हीच तेथील साधने झाली. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच मुलांच्या अंगणात नेण्यात आली. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा देशभर पोहोचलेला 'अंगणवाडी' हा शब्द याच प्रयोगाशी जोडलेला आहे.

बोर्डी आपल्यापासून लोकलच्या काही तासांवर आहे. तरीही आपण लहानग्यांसाठी शाळा निवडताना प्रथम पाहतो ती वातानुकूलित खोली व गणवेश. वास्तविक विचारावे असे प्रश्न वेगळे आहेत. एका शिक्षिकेकडे किती मुले आहेत? मुलांना दिवसातून किती वेळ अंगणात सोडतात? रडणाऱ्या मुलाला कोण उचलून घेते? नर्सरीतच गृहपाठ देतात काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर अभिमानाने "होय" असे आले, तर पालकांनी पुनर्विचार करावा.

घरात हात तयार करण्यासाठी काय करावे? कणकेचा गोळा द्यावा. वाल सोलायला बसवावे. कपड्यांना चिमटे लावू द्यावेत. सदऱ्याची बटणे त्याची त्याला लावू द्यावीत, मग मिस्सेला पाच मिनिटे उशीर झाला तरी चालेल. (पाचच मिनिटे!)

खोटे बोलणे आणि खेळणे

चार वर्षांच्या मुलाच्या ओठाला साखर लागलेली असते आणि ते म्हणते, "मी नाही खाल्ली, मांजराने खाल्ली." पालक हादरतात. आमचे मूल खोटे बोलू लागले! येथे जरा थांबून पाहावे. हाइन्झ विमर व योझेफ पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली मुलांसमोर एक छोटा प्रसंग मांडला. एक मुलगा कपाटात चॉकलेट ठेवून खेळायला जातो. त्याच्या पाठीमागे आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. परत आल्यावर मुलगा ते कोठे शोधेल? तीन वर्षांची मुले सहसा म्हणतात, "नव्या कपाटात." त्यांना स्वतःला जे ठाऊक आहे ते त्या मुलालाही ठाऊक असणारच, असे त्यांना वाटते. चार-पाच वर्षांच्या सुमारास उत्तर बदलते : "जुन्या कपाटात, कारण त्याला माहीत नाही." दुसऱ्याच्या मनात आपल्याहून वेगळे काही असू शकते, हा शोध मुलाला या वयात लागतो. खोटे बोलणे हे त्या शोधाचे एक फळ आहे, आणि दुसऱ्याचे दुःख समजून रडणाऱ्या मित्राला आपला खाऊ देणे हे दुसरे.

म्हणून साखरेच्या बाबतीत "पापी आहेस, नरकात जाशील" असा धाक घालू नये. "साखर तू खाल्लीस हे मला दिसते आहे. हवी असेल तर विचारत जा," एवढे पुरे. खरे सांगितल्यावर मार बसत असेल तर मूल अधिक सफाईने खोटे बोलायला शिकते. मांजराची कथा मात्र कधी कधी निव्वळ कल्पनाशक्ती असते. उशीचे बाळ करणे, खुर्च्यांची आगगाडी करणे, चादर पांघरून फादर होऊन घरच्यांना आशीर्वाद देणे, या खेळांना कोणी निंदा समजू नये. मूल त्याला महत्त्वाच्या वाटणाऱ्या माणसांचेच अनुकरण करते.

मृत्यूविषयीचे प्रश्न

आपल्याकडे कुटुंबे मोठी आहेत, आजी-आजोबा घरातच असतात, आणि त्यामुळे अनेक मुलांना मृत्यूची पहिली गाठ याच वयात पडते. त्या दिवशी घर माणसांनी भरलेले असते आणि मुलाला कोणी काही सांगत नाही. विचारलेच तर आपण तीन ठरावीक उत्तरे देतो : आजोबा झोपले, आजोबा लांब गावाला गेले, देवाला आजोबा आवडले म्हणून देवाने त्यांना नेले.

ही उत्तरे प्रेमापोटीच दिली जातात, परंतु चार वर्षांचे मूल शब्द जसेच्या तसे घेते. झोपलेले आजोबा उठले नाहीत, मग मी झोपलो तर? असे म्हणून ते रात्री झोपेला घाबरते. गावाला गेलेले आजोबा मला न सांगता गेले, म्हणून ते रुसते. आणि आवडती माणसे देव उचलून नेतो हे ऐकल्यावर आईही देवाला आवडू नये, अशी प्रार्थना करणारे मूल असेल तर त्याला दोष कोण देईल? ज्या देवाची आपण त्याला प्रेमळ पिता म्हणून ओळख करून देत असतो, त्याच देवाची त्याला धास्ती बसते.

मृत्यू कायमचा असतो, तो सर्वांना येतो, आणि मृत शरीराला भूक, थंडी व वेदना नसतात, या गोष्टी मुलाला साधारण पाच ते सात या वयात उमगत जातात. तोवर ते "आजोबा केव्हा येणार?" असे पुनःपुन्हा विचारते. म्हणून आधी शरीराविषयी साध्या व खऱ्या शब्दांत सांगावे : आजोबांचे शरीर फार आजारी होते, ते बंद पडले, आता ते श्वास घेत नाहीत, त्यांना दुखत नाही, ते परत येणार नाहीत. मग आपल्या श्रद्धेचे सांगावे : आजोबा देवाजवळ आहेत असा आपला विश्वास आहे, आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करतो, आणि एक दिवस आपण सारे देवाजवळ भेटू अशी आपल्याला आशा आहे. हा क्रम महत्त्वाचा आहे. शरीराचे न सांगता केवळ स्वर्गाचे सांगितले, तर मुलाला स्वर्ग हे बसने जाण्यासारखे गाव वाटते.

मूल ऐकता ऐकता उठून खेळायला जाईल. ते निष्ठुर नसते. एका वेळी तेवढेच त्याला पेलते. आणखी एक गोष्ट न विसरता सांगावी. या वयातील मुलाला वाटते की आपल्या मनात आले म्हणून घडले. परवा आजोबांवर रागावलो होतो म्हणून ते गेले, असे ओझे ते कोणालाही न सांगता वाहत असते. "तुझ्यामुळे काही झालेले नाही" हे वाक्य त्याने न विचारताही त्याला ऐकवावे. अंत्यविधीला मुलाला न्यावे की नाही, याचे एकच उत्तर नाही. न्यायचे असेल तर तेथे काय दिसेल हे आधी सांगावे, आणि केवळ त्याच्याकडे पाहणारे एक माणूस सोबत असावे. नोव्हेंबरमध्ये दफनभूमीत मेणबत्ती लावण्यास नेणे हे बहुतेक मुलांना मानवते, कारण त्यांना हाताने काही करायला मिळते.

मिस्सेमध्ये चार वर्षांचे मूल

रविवारी चर्चमध्ये मूल बाकाखाली शिरते, प्रवचनात मोठ्याने "घरी कधी जायचे?" विचारते, आणि पुढच्या बाकावरील कोणी वळून पाहते. आई लाजेने लाल होते. काही तरुण कुटुंबे मूल सहा वर्षांचे होईपर्यंत आळीपाळीने मिस्सेला येतात, ती याच नजरेपायी.

ख्रिस्तसभेची स्वतःची अपेक्षा याबाबत फार सौम्य आहे. ख्रिस्तसभेच्या कायद्यातील ९७ व्या कलमानुसार सात वर्षे पूर्ण होईपर्यंत मूल बालक गणले जाते, आणि ११ व्या कलमानुसार ख्रिस्तसभेने केलेले नियम सात वर्षांखालील मुलांना बंधनकारक नसतात. रविवारच्या मिस्सेचे बंधन त्याच्या आई-वडिलांवर असते, त्याच्यावर नसते. प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारासाठीही पूर्वी बऱ्याच ठिकाणी दहा-बारा वर्षांपर्यंत थांबवत असत. संत पोप दहावे पायस यांनी १९१० साली ते वय सातच्या सुमारास आणले, आणि तेव्हाही कसोटी ठेवली ती मुलाच्या समजेची. बालकांसमवेतच्या मिस्सेविषयी रोमने १९७३ साली जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात अगदी लहानग्यांना मिस्सेच्या वेळी वेगळ्या जागी सांभाळून शेवटी आशीर्वादासाठी आत आणण्याची सोयदेखील सुचवली आहे.

म्हणून सक्ती नको, पण मुलाला घरी ठेवणेही नको. शेवटच्या बाकावरून त्याला मोठ्यांच्या पाठीच दिसतात. पुढे बसवले तर मेणबत्त्या, वेदीसेवक, घंटा, धूप हे सारे दिसते व ते बराच वेळ शांत राहते. कुरकुरीत खाऊची पुडी घरीच ठेवावी. मूल फारच अस्वस्थ झाले तर बाहेर नेऊन परत आणावे. त्यात कोणताही अनादर नाही.

घरच्या प्रार्थनेविषयी रोममधील सोफिया काव्हालेत्ती यांचा अनुभव उपयुक्त आहे. १९५४ पासून त्यांनी माँटेसरींच्या सहकारी जान्ना गोब्बी यांच्यासह तीन ते सहा वर्षांच्या मुलांना धर्मशिक्षण दिले. या वयाच्या मुलांना उत्तम मेंढपाळाचा दाखला सर्वाधिक भावतो, असे त्यांना आढळले. मेंढपाळ मेंढरांना नावाने ओळखतो, एवढ्यावर मुले दीर्घकाळ रमतात. त्यांची प्रार्थना लहान असते आणि बहुतांशी आभाराची असते. संपूर्ण जपमाळेत चार वर्षांच्या मुलाला ताटकळत बसवण्यापेक्षा एक रहस्य होईपर्यंत त्याला मांडीवर घ्यावे, क्रुसाची खूण त्याच्या हाताने करू द्यावी, आणि आज देवाचे आभार कशाबद्दल मानायचे हे त्याला विचारावे. उत्तर "गाढवाबद्दल" असे आले तरी हसू दाबून "आमेन" म्हणावे.

जेथे थांबू नये

मोबाईलविषयी इतके लिहिले गेले आहे, की येथे केवळ आकडे देतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तीन व चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास पडदा, निदान तीन तास हालचाल, आणि दुपारच्या झोपेसह दहा ते तेरा तास झोप असे प्रमाण सांगितले आहे. रात्री अकरापर्यंत जागणारे मूल सकाळी शाळेच्या रिक्षात रडते, त्याचे कारण पुष्कळदा या तिसऱ्या आकड्यात सापडते.

बालरोगतज्ज्ञांकडे विनाविलंब जावे अशी काही लक्षणे आहेत. दोन वर्षे पूर्ण झाल्यावरही दोन शब्द जोडून न बोलणे. चार वर्षांच्या मुलाचे बोलणे परक्याला न कळणे. हाक मारल्यावर न पाहणे, बोट दाखवून काही न सांगणे, खोटाखोटा खेळ कधीच न खेळणे. येत असलेले बोलणे किंवा चालणे नाहीसे होणे. या एका लक्षणासाठी कोणत्याही वयात एक आठवडाही थांबू नये. बोलण्याविषयी शंका असल्यास प्रथम कानांची तपासणी करून घ्यावी. सर्दीने वारंवार कान भरणारे मूल हट्टी समजले जाते, आणि प्रत्यक्षात त्याला कमी ऐकू येत असते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली आरोग्य पथके अंगणवाड्यांतून मुलांची तपासणी करतात. त्यात काही आढळल्यास पुढील तपासणी व उपचार शासकीय यंत्रणेतर्फे विनामूल्य होतात. तपासणीला नेण्याने मुलावर शिक्का बसतो, ही भीती आपल्या गावांत अजूनही आहे. त्या भीतीपोटी वाया जाणारी दोन वर्षे उपचारासाठी सर्वांत फलदायी असतात.

दीड वर्षानंतर लसीकरणाचे कार्ड कपाटात जाते, ते पुन्हा बाहेर काढावे. घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरील लसीची दुसरी वर्धक मात्रा पाच ते सहा या वयात असते आणि सर्वाधिक विसरली जाते ती हीच. जीवनसत्त्व 'अ' ची मात्राही पाचव्या वाढदिवसापर्यंत दर सहा महिन्यांनी द्यावयाची असते.

वसईच्या वाड्यांतून राहणाऱ्यांसाठी पाण्याचा उल्लेख अटळ आहे. जगभर बुडून मृत्यू पावणाऱ्यांत एक ते चार वर्षांच्या मुलांचे प्रमाण सर्वाधिक आहे. लहान मूल बुडताना ओरडत नाही, हातपायही फारसे आपटत नाही. बावखलाला कुंपण, विहिरीला झाकण, आणि लग्नसमारंभाच्या गर्दीत मुलाकडे पाहण्याची जबाबदारी नावानिशी एका माणसाकडे, या तीन गोष्टी पावसाळ्यापूर्वी व्हाव्यात.

आणि सहाव्या वर्षाच्या सुमारास मुलाच्या तोंडात डोकावून पाहावे. पुढचा दुधाचा दात हलू लागला की घरात आनंद होतो. पण त्याच सुमारास सर्व दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ मुकाट्याने उगवते. कोणताही दात पडलेला नसतो, म्हणून ती दुधाचीच समजून तिच्याकडे दुर्लक्ष होते. ती कायमची असते. तेथवर ब्रश पोहोचावा म्हणून आणखी काही वर्षे रात्रीचे दात आई-वडिलांनीच घासून द्यावेत, आणि ती दाढ दिसू लागताच एकदा दंतवैद्यांना दाखवून घ्यावी.